उल्हास नदीच्या काठाने कोंडाणे लेण्याकडे

आमच्या घरी रविवार घराच्या वाट्याला येत नाही, तो समाजाच्या वाट्याला जातो. सकाळी विहारात वंदना, नंतर कुणाकडे पुण्यानुमोदन, दुपारी मंडळाची मीटिंग आणि संध्याकाळी कुठे तरी भाषण. मी पेशाने कारकून. आठवड्याचे सहा दिवस कचेरीचे हिशेब आणि सातव्या दिवशी मंडळाच्या वर्गणीचे हिशेब, अशी वीस वर्षे गेली. यात आपण काही चुकतो आहोत असे मला कधी वाटले नव्हते.

वर्षावासाच्या समारोपाला मी विहारात लेण्यांवर बोललो. लेणी हा आपला वारसा आहे, तो आपण जपला पाहिजे, असे नेहमीचे मुद्दे मांडले. टाळ्या पडल्या. घरी जेवताना दहावीतली मुलगी म्हणाली, "पप्पा, तुमच्या प्रत्येक भाषणात लेणी असतात. आम्हाला एक तरी लेणं दाखवलंत का?"

मी गप्प बसलो. चुलीपुढची, म्हणजे आता गॅसपुढची, आमची मंडळी तिकडूनच म्हणाली, "मला तरी कुठं दाखवलंत? मी तर प्रत्येक कार्यक्रमात भाजी चिरायला असते."

त्या रात्री ठरले, जानेवारीतल्या एका रविवारी सगळ्या घराने जायचे. मंडळाला आधीच सांगून टाकले, त्या दिवशी मी नाही.

जवळचीच जागा

आम्ही बदलापूरला राहतो. दूरचा खर्च परवडणारा नव्हता आणि आईचे वय त्र्याहत्तर. म्हणून कर्जतजवळचे कोंडाणे लेणे निवडले. बदलापूरहून लोकलने वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड आणि मग कर्जत. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. मुंबईहून येणाऱ्यांना कर्जत गाठायला सुमारे दोन तास लागतात. कर्जतहून रिक्षाने कोंदिवडे गावापर्यंत जाता येते. पुढची वाट पायी, रमतगमत तासाभराची. उल्हास नदीच्या खोऱ्यातून ती जाते. सुरुवातीला सपाट रस्ता, शेते, घरे, अधूनमधून नदीचे पात्र. शेवटचा टप्पा तेवढा झाडीतून चढणीचा आहे. डोक्यावर राजमाचीचा डोंगर, त्यावर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले. पलीकडच्या डोंगरातून बोरघाटाची रेल्वे जाते. १८६३ साली हा घाट रेल्वेने पार केला. गाडीचा आवाज दरीतून घुमत येतो तेव्हा धाकटा थांबून डबे मोजायचा.

घरातून निघण्यापूर्वी एक नियम केला. भाकऱ्या आणि ठेचा रात्रीच करून ठेवायचा, मुलांनी पाण्याच्या बाटल्या भरायच्या, मी कांदे चिरायचे आणि ज्याची त्याने पिशवी उचलायची. तिथे गेल्यावर आमच्या मंडळीने कशालाही हात लावायचा नाही. ती म्हणाली, "बघू या, किती वेळ टिकतंय ते." सांगायला आनंद वाटतो की संध्याकाळपर्यंत टिकले.

वाटेत धाकट्याला सांगितले, आपल्या बदलापूरच्या नळाला जे पाणी येते ते याच नदीचे. ही इथल्याच डोंगरात उगम पावते, कर्जत, बदलापूर, कल्याण करत पुढे वसईच्या खाडीला मिळते. तो नदीकडे असा बघायला लागला, जणू ओळखीचे कुणी भेटले.

आईची जागा

गाव मागे पडल्यावर एका ठिकाणी आम्ही नदीत उतरलो. थंडीचे दिवस, पाणी गुडघ्याच्याही खाली. मोठमोठे गोटे, मधून वाहती धार, कडेला एक स्वच्छ डोह. मुले वरच्या अंगाच्या खडकांवर जाऊन पाण्यात पाय सोडून बसली. आई मात्र काठाकाठाने पंचवीस-तीस पावले खाली गेली आणि तिथे एका दगडावर बसून पाय धुऊ लागली.

धाकट्याने हाक मारली, "आजी, वर ये ना! इथं पाणी जास्त आहे."

"नको बाळा, मी इथंच बरी."

मला वाटले, दगड निसरडे आहेत म्हणून ती वर येत नसेल. पण बायकोच्या लक्षात आले. ती हळूच म्हणाली, "अहो, आईंना विचारा तरी, त्या खाली का जाऊन बसल्या."

मी विचारले. आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग स्वतःशीच हसल्यासारखी म्हणाली, "अगंबाई, मी खाली आले व्हय? सवय रे. ध्यानातच आलं न्हाई."

मग ती सांगू लागली. आईचे माहेर नगरकडचे, नदीकाठचे गाव. नदीच्या सगळ्यात वरच्या अंगाला गावाचा पाणवठा. त्याच्या खाली गुराढोरांचे पाणी. त्याच्याही खाली आपल्या वस्तीचे. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत झिरा खणायचा आणि वाटी-वाटीने पाणी घागरीत भरायचे. एक घागर भरायला दुपार जायची. आपले एखादे पोर खेळता खेळता वरच्या पाणवठ्याकडे गेले तर मार त्या पोरालाही आणि त्याच्या बापालाही. माझ्या आजीने तिला शिकवले होते, पाण्यावर गेलं की आधी वर कोण हाय ते बघायचं, मगच हात घालायचा.

हे सगळे १९५५ नंतरचे आहे, हे लक्षात घ्या. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली होती आणि त्याविरुद्धचा कायदाही १९५५ साली झाला होता. गावाचा पाणवठा मात्र तिथेच होता.

लग्न होऊन आई शहरात आली. पन्नास वर्षे तिने नळाचे पाणी भरले. नळाच्या रांगेत भांडणे झाली, पण "नळाला वर-खाली नसतं," असे ती म्हणाली. मधल्या काळात ती कधी नदीत उतरलीच नव्हती. आज उतरली आणि तिचे पाय आपोआप खालच्या अंगाला वळले.

धाकटा विचारात पडला. सहावीतले पोर, त्याचा प्रश्न सरळ होता. "पण आजी, पाणी तर वरून खाली येतं. तुम्ही वर गेला नाहीत तरी वरच्यांचंच उष्टं पाणी तुम्ही पीत होता ना? मग विटाळ कुणाचा कुणाला?"

आई खळखळून हसली. "तेच तर! हे तुला सहावीत कळलं. गावाला कवा कळायचं?"

मुलगी काही बोलली नाही. उठली, खाली गेली, आजीचा हात धरला आणि एकेक दगड सांभाळत तिला सगळ्यात वरच्या खडकावर आणून बसवले. आईने बसल्यावर पहिल्यांदा काय केले असेल, तर वर बघितले. वर कुणी नव्हते. नदी होती आणि जंगल होते. मग तिने ओंजळ भरली, डोळ्यांना लावली आणि एक घोट घेतला. नदीचे पाणी न उकळता प्यायचे नाही, असे मी मुलांना घरूनच बजावले होते. पण आईला त्या वेळी मी अडवले नाही.

पाणी आणि आपला इतिहास

तिथेच बसून भाकऱ्या सोडल्या. खाता खाता मुलांना महाडची गोष्ट सांगितली. ती त्यांना पाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्या तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने निकाल लागला. दर वर्षी आपण हा दिवस साजरा करतो. पण त्या दिवशी मुलांनी ही गोष्ट आजीच्या ओल्या हातांकडे बघत ऐकली.

दुसरी गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर सहलीला निघाले होते. होय, सहलीलाच. सुमारे तीस जण होते आणि वेरूळची बौद्ध लेणी बघायची असे ठरले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. प्रवासाच्या धुळीने सगळे माखलेले. किल्ल्याच्या दरवाज्याबाहेर पाण्याचे लहानसे टाके होते, तिथे काहींनी हातपाय धुतले. लगेच आरडाओरडा झाला, टाके बाटवले म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी किल्ल्यात जायची परवानगी मिळाली ती अशा अटीवर, की आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही. लक्ष ठेवायला बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. हिंदूंच्या दृष्टीने जो अस्पृश्य, तो इतरांच्याही दृष्टीने अस्पृश्यच ठरतो, हे दाखवण्यासाठी त्यांनी तो सांगितला.

मुलगी म्हणाली, "म्हणजे बाबासाहेबांना सुद्धा सहल नीट करू दिली नाही." मी म्हटले, नाही करू दिली. परदेशातून मोठमोठ्या पदव्या घेऊन आलेल्या माणसाला हात-तोंड धुता आले नाही. आज आपण चौघे-पाच जण नदीत पाय सोडून भाकरी खातो आहोत, ही साधी गोष्ट नाही.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही पाणी आहेच. रोगी, म्हातारा, प्रेत आणि संन्यासी बघून सिद्धार्थाने घर सोडले, ही रूढ कथा बाबासाहेबांनी मान्य केली नाही. त्यांच्या मांडणीप्रमाणे शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होते. शाक्य संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला आणि त्यातून त्याला घर सोडावे लागले. पुढे दोन्ही बाजूंत समेट झाल्याचे त्याला कळले. तरी तो परतला नाही, कारण भांडण एका नदीपुरते नव्हते, ते जगभर होते. धम्माच्या वाटेवरचे पहिले पाऊल असे एका नदीच्या पाण्यावरून पडले आहे.

बालकाने केलेले काम

चढणीपाशी आईला म्हटले, तू इथे सावलीत बस, आम्ही बघून येतो. ती म्हणाली, "एवढं आले ते सावलीत बसायला व्हय?" सुनेच्या खांद्यावर हात ठेवून, दहा पावलांवर दम घेत, ती वर आली.

झाडी संपते आणि एकदम समोर कातळात कोरलेली चैत्याची भव्य कमान दिसते. हे लेणे इसवी सनापूर्वीच्या काळातले, दोन हजार वर्षांहून जुने. चैत्य म्हणजे स्तूपाची वंदना करण्याचे सभागृह आणि शेजारी विहार म्हणजे भिक्खूंची राहण्याची जागा. विहारात मधोमध चौक आणि भोवती लहान लहान खोल्या. चैत्याच्या दर्शनी भागावर लाकडी बांधकामासारखे कोरीवकाम आहे. तुळया, सज्जे, कठडे असे सारे काही, पण दगडात. खांबांचे खालचे भाग झिजून, तुटून गेले आहेत. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून पाणी कोसळते. शेकडो पावसाळे या दगडाने अंगावर घेतले आहेत.

धाकट्याने आत डोकावून विचारले, "बुद्ध कुठं आहेत?"

या लेण्यात बुद्धाची मूर्ती मुख्य नाही. ज्या काळात हे कोरले त्या काळात स्तूपालाच वंदन करीत. मूर्ती नंतर आल्या. तथागतांनी स्वतःची पूजा करा असे सांगितले नव्हते, धम्म आचरा असे सांगितले होते. मुलाला एवढेच सांगितले, "इथं जे शिकवलं जायचं, त्यात बुद्ध आहेत."

लेणी डोंगरात का, याचेही कारण आहे. पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी चारिका न करता एका ठिकाणी राहावे, असा वर्षावासाचा नियम. कल्याण, सोपारा या बंदरांतून घाटावर जाणारे व्यापारी मार्ग या डोंगरांतून जात. वाटसरू, व्यापारी, कारागीर येत, दान देत, धम्म ऐकत. घाट चढून गेले की कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी आहेत. कार्ल्याच्या शिलालेखात धेनुकाकट इथल्या सामी नावाच्या सुताराने दरवाज्याचे काम केल्याची नोंद आहे.

कोंडाण्यातही असे एक नाव आहे. चैत्याच्या दर्शनी भागाच्या डाव्या बाजूला एका मोठ्या, झिजलेल्या मूर्तीच्या डोक्याजवळ ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरली आहे. तिचा अर्थ असा, की कण्हाचा शिष्य बालक याने हे केले. बस्स, एवढेच. कुठल्या राजाचे नाव नाही, कुठल्या सेनापतीचे नाही.

आईने मला ते दोनदा सांगायला लावले. मग म्हणाली, "म्हंजे काम करणाऱ्यानं आपलं नाव लिहिलं. तुझ्या बापानं तीस वर्षं कारखान्यात मशिनीवर काढली. कुठं लिव्हलंय का त्याचं नाव?"

मला उत्तर देता आले नाही. आजही देता येत नाही.

भिंतींवर आणखी काही नावे होती. कुणी रंगाने, कुणी खिळ्याने कोरलेली, बदामासकट. धाकट्याने बरोबर प्रश्न काढला. बालकाने नाव लिहिले ते चालते, मग यांनी लिहिले तर का चालत नाही? त्याला उत्तर मुलीनेच दिले. "त्यानं आधी लेणं केलं, मग नाव लिहिलं. यांनी काय केलं?"

आम्ही सगळे बसलो आणि हळू आवाजात त्रिसरण-पंचशील घेतले. मेणबत्ती, अगरबत्ती लावली नाही, कारण काजळीने दगड खराब होतो. आई डोळे मिटून बराच वेळ बसून होती. तिला उठवायचे मला जिवावर आले.

समाजबांधवांना विनंती

मंडळाच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी सूचना मांडली, की दर दोन महिन्यांनी एक रविवार कुटुंबासह लेण्यांसाठी ठेवावा. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "चळवळीचा वेळ सहलीत घालवायचा का?" त्यांचा त्याग मोठा आहे, मी त्यांचा आदर करतो. पण मी त्यांना आईची गोष्ट सांगितली. जी बाई पन्नास वर्षे जयंतीला येते, भाषणे ऐकते, तिच्या पायांतली पाणवठ्याची सवय आपल्या भाषणांनी गेली नव्हती. ती नातीने हात धरून वर नेल्यावर थोडी सैल झाली. हेही चळवळीचेच काम आहे. सूचना मंजूर झाली. दुरुस्ती एकच झाली आणि ती महिला मंडळाने सुचवली, की सहलीच्या दिवशी स्वयंपाक पुरुषांनी करायचा.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात ही वाट फार सुंदर दिसते, पण ओढ्यांना आणि नदीला अचानक पाणी चढते, शेवाळाने दगड निसरडे होतात. लहान मुले आणि वृद्ध बरोबर असतील तर पावसात जाऊ नका. डोहाची खोली ठाऊक नसताना पोहायला उतरू नका. पिण्याचे पाणी आणि जेवण घरूनच न्यावे. सकाळी लवकर निघावे आणि अंधाराआधी कर्जतला परत यावे. पायात चप्पल नको, बूट असावेत. कागद, प्लास्टिक पिशवीत भरून परत आणावे. लेण्याला रंग, चुना लावू नये, काही कोरू नये. आपल्या वारशाची नासधूस दुसरे करतात म्हणून आपण तक्रार करतो, तेव्हा आपला हात स्वच्छ असला पाहिजे.

मुंबईतल्या बांधवांना बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी आहे, तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत. नाशिककरांना त्रिरश्मी बुद्ध लेणी आहेत, त्यांना पांडव लेणी म्हणू नये. मराठवाडा आणि खानदेशातल्यांना वाघोरा नदीच्या वळणावर अजिंठा आहे. कान्हेरी आणि अजिंठा सोमवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. कुठेही जा, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जा. त्यांच्याकडे सांगायला खूप आहे. ते मीटिंगमध्ये सांगत नाहीत, नदीकाठी बसल्यावर सांगतात.

परतताना लोकलला गर्दी होती. आईला खिडकीजवळ जागा मिळाली. बदलापूर येईपर्यंत ती अंधारात बाहेर बघत होती. उतरताना एवढेच म्हणाली, "ती नदी आपल्यासंगच आली की रे."

जय भीम!